तारिकी होंगान म्हणजे नेमकं काय? 'आयतं मिळू दे' या जपानी वाक्प्रचारामागची बौद्ध भानगड

२०१८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधली जपान-पोलंड मॅच कोणाला आठवतेय का? २८ जून, व्होल्गोग्राड. जपान ०-१ ने मागे आणि तरी शेवटची दहाएक मिनिटं त्यांचे प्लेअर आपल्याच हाफमध्ये एकमेकांना निवांत पास देत राहिले, गोल मारायचा प्रयत्नच सोडून दिला, प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून नुसती हुर्यो उडवली. कारण असं की त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर कोलंबिया सेनेगलच्या १-० पुढे होता, आणि तो स्कोर तसाच राहिला तर जपान आणि सेनेगलचे पॉइंट, गोल, सगळंच सारखं होऊन ज्याची यलो कार्डं कमी तो पुढे जाणार होता. जपानची चार, सेनेगलची सहा. तिकडे सेनेगलने एक गोल टाकला असता तर इकडे जपानचं सामान बांधून झालं असतं. नाही टाकला, जपान पुढच्या राउंडला गेला, आणि मग त्यांच्याकडे आठवडाभर वाद की हे बरोबर की चूक.

या असल्या परिस्थितीला जपानीत एक ठरलेला शब्द आहे, तारिकी. आणि पूर्ण वाक्प्रचार म्हणजे तारिकी होंगान. बेसबॉल लीगमध्ये एखादी टीम उरलेल्या सगळ्या मॅच जिंकूनही स्वतःच्या जोरावर पहिली येऊ शकत नसेल, वरच्या टीमने हरायलाच पाहिजे असं झालं, की पेपरवाले लिहितात, आता सगळं तारिकी. (आपल्याकडे आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात 'मुंबई हरली, चेन्नईचा रनरेट घसरला तर आपलं जमतंय' असं जे गणित मांडत बसतो ना, तेच.) ऑफिसात पण वापरतात. टीममध्ये एखादा माणूस 'करेल कोणीतरी' म्हणून हात बांधून बसला की साहेब म्हणतो, तारिकी होंगान चालणार नाही. थोडक्यात आपलं 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी'. आणि आपल्यासारखाच तिथेही तो टोमणाच आहे, कौतुक नाही.

आता गंमत अशी की हा शब्द मुळात टोमणा नव्हता. जपानच्या सगळ्यात मोठ्या बौद्ध परंपरांपैकी एकीचा, जोदो शिनशूचा, तो गाभा आहे. त्यांच्यासाठी याच्याहून पवित्र शब्द शोधून सापडणार नाही. म्हणजे आपल्या वारकऱ्यांना कोणी 'विठ्ठल विठ्ठल करत बसणं' हे आळशीपणाचं नाव म्हणून रोज ऐकवलं तर जसं लागेल, तसं काहीसं त्यांचं होतं.

आधी शब्द फोडून घेऊ, कारण तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. 'ता' म्हणजे दुसरा, पर. 'रिकी' म्हणजे बळ, आणि हा रिकी तुम्ही रोज वापरता, कारण रिक्षा हा शब्द जपानी 'जिन-रिकी-शा' वरून आलाय, माणसाच्या बळाची गाडी. 'होन' म्हणजे मूळ आणि 'गान' म्हणजे प्रण, संकल्प. होंगान हे चिनी मार्गाने गेलेलं आपलं संस्कृतच आहे, पूर्वप्रणिधान. तर अर्थ झाला, परबळ म्हणजे मूळ प्रण. मग प्रश्न येतो, कोणाचा प्रण आणि कसला?

गोष्ट सुखावतीव्यूह नावाच्या सूत्रातली आहे. फार फार पूर्वी एक राजा होता, त्याने लोकेश्वरराज नावाच्या बुद्धाचा उपदेश ऐकला आणि राज्य सोडून भिक्षू झाला, नाव धर्माकर. जपानीत होझो. त्याने ठरवलं की मी बुद्ध होणार आणि अशी एक भूमी उभी करणार जिथे कोणीही येऊन सहज बोधी मिळवू शकेल. पण नियम काय ठेवायचे, कोणाला प्रवेश द्यायचा, यावर तो विचार करत बसला ते पाच कल्प. पाच कल्प म्हणजे किती हे विचारू नका, पण क्योतोच्या कुरोदानी भागातल्या कोंकाई कोम्योजी देवळात याची एक दगडी मूर्ती आहे, त्यात इतकी युगं विचार करता करता केस वाढून वाढून डोक्यावर एवढा मोठा गोल टोप झालाय, ८० च्या दशकातल्या सत्य साईबाबांच्या फोटोंना मागे टाकेल असा. लोक तिला सरळ 'अफ्रोवाला बुद्ध' म्हणतात. देवळालाही त्याचं काही वाटत नाही.

विचार संपल्यावर धर्माकराने ४८ प्रण केले. त्यातला अठरावा महत्त्वाचा. त्याचा आशय असा: दहा दिशांमधल्या जिवांनी मनापासून विश्वास ठेवला, माझ्या भूमीत जन्मायची इच्छा धरली, माझं स्मरण अगदी दहा वेळा जरी केलं, आणि तरीही ते तिथे जन्मले नाहीत, तर मला बुद्धत्व नको. (पंचमहापातकं करणारे आणि धर्माची निंदा करणारे यांना सूत्रात वगळलंय, त्यावरून पुढे शेकडो वर्षं काथ्याकूट झाला, तो इथे नको.)

या वाक्याची रचना नीट बघा, सगळा खेळ तिथेच आहे. धर्माकर म्हणत नाहीये की मी बुद्ध झालो की बघू तुमचं काय करायचं ते. तो अट स्वतःवर घालतोय, हे लोक तरले नाहीत तर मीही बुद्ध नाही. आणि सूत्र पुढे सांगतं की तो बुद्ध झाला, होऊन दहा कल्प उलटले, आज त्याचं नाव अमिताभ, जपानीत अमिदा. मग लॉजिक लावा. तो बुद्ध झालाय म्हणजे अट पुरी झाली. म्हणजे तुमच्या तरण्याची सोय तुम्ही जन्मायच्या आधीच झालेली आहे. तारिकी म्हणतात ते या प्रणाचं बळ. शेजाऱ्याचं, सहकाऱ्याचं, कोलंबियाच्या डिफेन्सचं बळ नाही. शिनरान, म्हणजे जोदो शिनशूचा संस्थापक, ज्याच्याबद्दल पुढे बोलूच, त्याने आपल्या मुख्य ग्रंथात एका ओळीत व्याख्याच देऊन ठेवलीय, तारिकी म्हणजे तथागताच्या मूळ प्रणाचं बळ. इतकं स्पष्ट लिहूनही आठशे वर्षांनी शब्द कुठे जाऊन पोचला ते बघताच आहात.

ही कल्पना जपानात एकदम उगवली नाही. जपानी परंपरा तिचं पहिलं टोक नागार्जुनापर्यंत नेते. त्याच्या नावावरच्या एका ग्रंथात म्हटलंय की धर्ममार्ग दोन प्रकारचे, एक पायी चालत जाण्यासारखा कष्टाचा, दुसरा नावेत बसून पाण्यावरून जाण्यासारखा सोपा. (नागार्जुनाला विदर्भाशी जोडणारी परंपरा आपल्याकडे आहे, आणि रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननामागे हात धुऊन लागलेले नागपूरचे भदंत सुरई ससाई हे मूळचे जपानी, हा योगायोग मला फार आवडतो.) मग सहाव्या शतकात चीनमध्ये थानलुआन झाला, जपानी त्याला दोनरान म्हणतात. त्याने आपल्या भाष्यात एक झकास दाखला दिलाय: एक माणूस इतका दुबळा की त्याला गाढवावरसुद्धा चढता येत नाही, पण तोच चक्रवर्ती राजाच्या स्वारीबरोबर निघाला तर आकाशातून चारी खंडं हिंडून येतो, कोणी अडवत नाही. याला म्हणायचं परबळ. गाढवावर चढता येत नाही हे आधी मान्य करायला लागतं, ते मात्र बऱ्याच जणांना जड जातं.

जपानमध्ये हे सगळं रस्त्यावर आणलं होनेन नावाच्या भिक्षूने. हिएई पर्वतावर त्या काळचं बौद्ध विद्यापीठच होतं म्हणा, तिथे हा सगळ्यात हुशार म्हणून गाजलेला. ११७५ मध्ये एका चिनी भाष्यातला उतारा वाचून त्याने ठरवलं की सामान्य माणसाला एकच गोष्ट पुरे, 'नामु अमिदा बुत्सु' म्हणायचं. नमो अमिताभ बुद्ध. ध्यान नको, देवळाला जमीन दान नको, शास्त्र नको. कोळी, शिकारी, वेश्या, ज्यांना त्या वेळच्या धर्मात जागाच नव्हती ते सगळे यायला लागले. जुन्या मठांचं पित्त खवळणारच. त्यात होनेनच्या दोन शिष्यांचं दरबारातल्या बायकांवरून काहीतरी प्रकरण झालं, निवृत्त सम्राट गो-तोबा भडकला, आणि १२०७ मध्ये चौघांना मृत्युदंड आणि पंचाहत्तरीच्या होनेनसकट बाकीच्यांना हद्दपारी.

त्या हद्दपार लोकांत शिनरान होता, वय ३५. नवव्या वर्षी हिएईवर गेलेला, वीस वर्षं साधना करून हाती काही लागलं नाही म्हणून १२०१ मध्ये खाली उतरून होनेनकडे आलेला. त्याचं नाव बघा, 'शिन' हे वसुबंधूच्या जपानी नावातून आणि 'रान' हे त्या गाढववाल्या दोनरानच्या नावातून. एक भारतीय, एक चिनी, आणि मधे हा. शिक्षा म्हणून त्याचं भिक्षूपण काढून घेतलं तेव्हा तो म्हणाला ठीक आहे, मी आता भिक्षूही नाही आणि संसारीही नाही, आणि स्वतःला नाव लावलं 'गुतोकु', म्हणजे डोक्यावर खुंट वाढलेला मूर्ख. उघडपणे लग्न केलं, पोरंबाळं झाली. भिक्षूने हे असं राजरोस करणं तेव्हा मोठीच गोष्ट.

त्याच्या बायकोचं नाव एशिन्नी, आणि तिची मुलीला लिहिलेली पत्रं १९२१ मध्ये क्योतोच्या निशी होंगान्जी देवळाच्या कोठारात सापडली. हा सगळा विषय मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्यातल्या एका पत्रातून जास्त कळला. ती लिहिते, १२३१ साली शिनरान तापाने पडला होता, अंग विस्तवासारखं तापलेलं, तरी कोणाला हातपाय चेपू देईना, गप पडून होता. चार दिवसांनी काहीतरी पुटपुटला. तिला वाटलं वात झालाय. तर म्हणाला, नाही, वात नाही, दुसऱ्या दिवसापासून मी मनातल्या मनात सूत्र वाचत होतो, डोळे मिटले की अक्षर न् अक्षर लख्ख दिसत होतं. मग त्याने विचार केला, हे कुठून आलं? नामाशिवाय आणखी काय उरलंय म्हणून मी सूत्र वाचत बसलो? आणि त्याला आठवलं, सतराएक वर्षांपूर्वी लोकांच्या भल्यासाठी म्हणून त्याने तीन सूत्रं हजार वेळा वाचायचा संकल्प सोडला होता, चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की अरे हे तर माझ्याच जोरावर लोकांना तारायला निघाल्यासारखं झालं, आणि सोडून दिलं होतं. तेच खूळ इतक्या वर्षांनी तापात परत वर आलं. माणसाचं हे स्वतःच्या बळावर विसंबणं काही सुटता सुटत नाही, असं म्हणून मग त्याने ते वाचन थांबवलं.

या बळाला 'जिरिकी' म्हणतात, स्वबळ, तारिकीचं उलटं. आणि इथे लोकांची एक गल्लत होते. जिरिकी म्हणजे मेहनत आणि तारिकी म्हणजे आराम असं हे वाटप नाहीच. शिनरानचा आक्षेप मेहनतीला नव्हता, तो 'माझ्या पुण्याच्या हिशोबावर माझं तरणं ठरतं' या समजुतीला होता. एवढी पारायणं केली, एवढं दान दिलं, एवढे उपास केले, आता जमा खात्यात किती झालं? हा हिशोब टाकून द्या म्हणतो. आपल्याकडे यासाठी रेडीमेड जोडी आहे. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून बसतं, हात सुटला की पडलं, तो मर्कटन्याय. मांजरीचं पिल्लू नुसतं पडून असतं, आई मानगूट धरून नेते, तो मार्जारन्याय. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये याच मुद्द्यावरून दोन तट पडले. तारिकी म्हणजे मांजरीचं पिल्लू, बास.

मग सरळ शंका येते, आणि ती तेव्हाही आली, की सगळं आधीच ठरलंय तर मी कसंही वागतो ना, पापी लोकांसाठीच तर हा प्रण आहे! शिनरानच्या मृत्यूनंतर शिष्याने लिहिलेल्या तान्निशो नावाच्या छोट्या पुस्तकात ते प्रसिद्ध वाक्य आहे, सज्जनसुद्धा तरतो, मग दुर्जनाचं काय विचारता. वाचून कोणालाही वाटेल चुकून उलटं छापलंय. पण तो म्हणतोय की सज्जनाला स्वतःच्या सज्जनपणाचा आधार असतो म्हणून तो सोडून द्यायला त्याला जास्त वेळ लागतो, ज्याच्याकडे धरायला काही नाहीच तो पटकन विसंबतो. आणि 'मग पापं करा बिनधास्त' म्हणणाऱ्यांना शिनरानने पत्रातून कळवलं होतं, औषध आहे म्हणून विष आवडीने खाऊ नका. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही खरं सांगायचं तर, विष न खाण्याची प्रेरणा कुठून येणार ते तसं मोकळंच राहतं, पण प्रश्न टाळला मात्र नाही त्याने.

आता हे 'दुसऱ्यावर विसंबणारे' लोक प्रत्यक्षात कसे निघाले ते बघा. शिनरानच्या परंपरेच्या देवळाचं नावच होंगान्जी, मूळ प्रणाचं देऊळ. पंधराव्या शतकात हा पंथ शेतकऱ्यांत, छोट्या सामुरायांत एवढा पसरला की १४८८ मध्ये कागा प्रांताच्या लोकांनी आपल्या सरदाराला उडवलं आणि पुढे जवळपास शंभर वर्षं तो प्रांत स्वतः चालवला. आणि ज्या ओदा नोबुनागापुढे भलेभले सरदार भुईसपाट झाले, त्याला ओसाकाच्या इशियामा होंगान्जीने १५७० ते १५८० अशी दहा वर्षं झुंजवलं, शेवटी सम्राटाच्या मध्यस्थीने तह झाला तेव्हा जागा सोडली. आज जिथे ओसाकाचा किल्ला बघायला पर्यटक रांगा लावतात तीच ती जागा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा समाज नक्कीच नव्हे. पुढे १६०२ मध्ये जपानचा नवा सत्ताधीश तोकुगावा इएयासूने या पंथाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करून टाकले, एवढी ताकद एका जागी ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं.

गोव्याचाही एक धागा आहे यात. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघूनच जपानला गेला, आणि त्याच्या मागून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांना हा पंथ बघून घामच फुटला. नुसत्या श्रद्धेने तरता, कर्मकांडाने नाही? हे तर तिकडे युरोपात पोपशी भांडून वेगळा झालेला लूथर म्हणतो! व्हालिन्यानो नावाच्या त्यांच्या वरिष्ठाने अक्षरशः तशीच तक्रार लिहून ठेवलीय. अर्धी पृथ्वी ओलांडून आले आणि समोर पुन्हा तोच माणूस.

मग वाक्प्रचार घसरला कसा? नेमकी तारीख कोणाला सांगता येणार नाही, पण मेइजी काळात (१८६८ ते १९१२) सगळा देश 'स्वतःच्या पायावर उभे राहा' या मूडमध्ये होता हे नक्की. स्वावलंबनावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा १८७१ चा जपानी अनुवाद तुफान खपला होता. अशा हवेत 'परबळ' हा शब्द कानाला कसा लागत असेल! धार्मिक संदर्भ माहीत नसलेल्या माणसाने 'दुसऱ्याचं बळ' हे अक्षरशः घेतलं तर त्याची काय चूक? आणि हे एकट्या तारिकीचं नाही. 'गामान' घ्या, आज त्याचा अर्थ निमूट सोसणं, भूकंपानंतर लोक रांगेत शांत उभे राहिले की जगभरचे पेपर कौतुकाने हाच शब्द छापतात. मूळ बौद्ध अर्थ? अहंकार. संस्कृत अस्मिमान, 'मी आहे' चा माज. म्हणजे अहंकाराचा गुण झाला आणि शरणागतीचा दुर्गुण. आणि नवऱ्याला, दुकानातल्या गिऱ्हाइकाला 'दान्ना' म्हणतात तो आपला 'दान', देणारा तो दान्ना, इतकं सरळ.

पंथाच्या लोकांनी मात्र हे मुकाट्याने घेतलं नाही. १९६८ मध्ये कुराशिकी रेयॉन कंपनीने जाहिरातीत हा शब्द परावलंबन या अर्थाने वापरला तेव्हा निषेध झाला. २००२ मध्ये ऑलिंपस या कॅमेरा कंपनीने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, 'तारिकी होंगानमधून बाहेर पडू या', तेव्हा शिनशू पंथांच्या महासंघाने लेखी आक्षेप घेतला आणि कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. तरी शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत, आधी अमिदाचा आणि मग 'त्यावरून आलेला' परावलंबनाचा, आणि माझ्या मते कोशवाल्यांचं बरोबर आहे. शंभर जणांतले नव्वद ज्या अर्थाने बोलतात तो चुकीचा म्हणून हाकलता येत नाही. फक्त तोच एक अर्थ आहे असं समजून शिनरानला आळशांचा गुरू ठरवू नये, एवढंच.

आपल्याकडच्या बौद्ध वाचकांना इथे एक अडचण येणार, मला कल्पना आहे. 'अत्ता हि अत्तनो नाथो', आपणच आपला नाथ, हे धम्मपद तोंडपाठ असलेल्याला आणि बाबासाहेबांनी शिकवलेला धम्म माहीत असलेल्याला हे अमिदा प्रकरण म्हणजे मागच्या दाराने देव परत आणल्यासारखं वाटू शकतं. तो मतभेद खरा आहे, त्यावर गुळगुळीत पांघरूण घालायची गरज नाही. पण शिनरानच्या अमिदाकडे काही मागायचं नसतं हेही बघायला हवं. मी आईवडिलांच्या पुण्यासाठी एकदाही नाम घेतलेलं नाही, असं तो तान्निशोत साफ सांगतो. आणि एका स्तोत्रात तो हळहळतो की काय हे, भिक्षू काय नि संसारी काय, सगळे शुभ वेळ आणि शुभ दिवस शोधत बसलेत, देवदेवतांना पुजत भविष्यं बघतायत. तेराव्या शतकात मुहूर्तावर टीका! आजही या पंथाच्या देवळांत सहसा ताईत, भविष्याच्या चिठ्ठ्या वगैरे विकायला नसतात, बाकी जपानी देवळांत त्यांचे स्टॉलच्या स्टॉल असतात.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांसाठी जाता जाता: जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हा वाक्प्रचार आला तर डोळे झाकून परावलंबनाचा पर्याय टिक करा, तिथे शिनरान मार्क देणार नाही. कंपनीच्या मीटिंगमध्येही चालेल. पण समोरचा माणूस होंगान्जीच्या घरातला निघाला, आणि जपानात असे पुष्कळ निघतात, तर त्याच्यासमोर आळशी सहकाऱ्याला तारिकी होंगान म्हणू नका. 'हितोमाकासे' म्हणा. दुसऱ्यावर ढकलणं, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यावर कोणी निषेधाचं पत्र पाठवत नाही.